छोट्या विमानाच्या इंजिनाची जुळवणी

तुळजापुरास देवीचा गोंधळ ज्यांनीं ऐकला असेल त्यांनीं एक गोष्ट अवश्य पाहिली असेल. गोंधळ्याच्या तुणतुण्याला तार एकच असते आणि ती पिळावयास खुंटीहि एकच. संबळ वाजूं लागण्यापूर्वीं तो मान किंचित् कलती करून खुंटी थोडी पिळतो, तार छेडतो, पुन्हां थोडी सैल करतो, आणि आपल्या गळ्याशीं सूर मिळाला म्हणजेच पहिला शब्द उच्चारतो. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें त्यालाहि अशी एकच मुख्य खुंटी आहे, आणि तीहि कानानेंच पिळावी लागते. हें यंत्र म्हणजे जमिनीवरून बिनतारी लहरींनीं चालविल्या जाणाऱ्या छोट्या विमानाचें ग्लो इंजिन.

विमान छोटें म्हणून इंजिनास क्षुल्लक मानूं नये. शिकाऊ विमानास साधारणतः जें इंजिन लावतात त्याचा सिलिंडर अवघ्या ६.५ घनसेंटिमीटरांचा असतो. चमचाभर पाण्यानें तो भरेल. परंतु त्याच्या तोंडाशीं बसविलेला १० इंची पंखा मिनिटास १२,००० फेरे घेऊं शकतो. हिशेब केला तर पंख्याच्या टोंकाचा वेग ताशीं ५५० किलोमीटरांहून अधिक भरतो. विमानाचें वजन दोन-अडीच किलो. एवढें ओझें डोक्यावरून जात असतां त्याचा प्राण एकाएकीं गेला तर तें कोठें उतरेल हें उडविणाऱ्याच्या हातीं फारसें राहत नाहीं.

हें मी पुस्तकी ज्ञानानें सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आश्विन महिन्यांत गांवाबाहेरच्या माळावर मी आणि माझा भाचा विमान घेऊन गेलों होतों. सकाळची वेळ होती, इंजिन सुरेख चालत होतें. भाचा म्हणाला, “मामा, आणखी थोडी पिळा ना! काय सूर लागला आहे!” मलाहि मोह झाला. सुई आणखी दोन खटके आंत घेतली. इंजिनानें अशी कांहीं तान घेतली कीं आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हंसलों. विमान धांवलें, उठलें, नाक वर करून चढूं लागलें. आणि पंधरा-वीस सेकंदांत तो सूर कोरडा झाला, चिरकला आणि थांबला. कोजागरीच्या पौर्णिमेस सोलापुराकडून अनवाणी चालत येणाऱ्या यात्रेकरूंची रस्त्यावर रीघ लागली होती. मुकें झालेलें विमान त्या रस्त्याकडे वळलें, आणि नुकत्याच पेरलेल्या ज्वारीच्या रानांत, चालणाऱ्या माणसांपासून चाळीस पावलांवर, नाकावर आदळलें. एक वृद्ध बाई थांबून म्हणाली, “आईनंच राखलं बरं, लेकरा.” त्या बाईपुढें मला मान वर करवेना. इंजिनांत दोष नव्हता, इंधनांत नव्हता. दोष माझ्या दोन बोटांत होता. जमिनीवर जो सूर कानाला सर्वांत गोड लागतो, तोच आकाशांत घात करतो, एवढें एकच वाक्य त्या दिवशीं मी शिकलों. आजचें हें भाषण म्हणजे त्या वाक्याचा विस्तार होय.

प्रथम हें इंजिन चालतें कसें तें पाहूं. मोटारीच्या इंजिनांत विजेची ठिणगी पडते आणि ती केव्हां पडावी हें ठरविण्याची सोय असते. ग्लो इंजिनांत ठिणगी नाहीं. त्याच्या डोक्यांत एक लहानसा प्लग असतो आणि त्यांत प्लॅटिनमची, किंवा प्लॅटिनममिश्रित धातूची, बारीक तारेची वेटोळी. आरंभीं दीड व्होल्टाच्या बॅटरीनें ती लाल-नारिंगी तापवितात. इंजिन एकदां चालूं झालें कीं बॅटरी काढून घेतात, आणि तार आपोआप तापलेली राहते. हें कसें घडतें? दाबल्या गेलेल्या वायूची उष्णता व मागच्या ज्वलनाची ऊब हीं दोन कारणें तर आहेतच. परंतु तिसरें कारण मोठें मौजेचें आहे. ज्वालाग्राही वायूच्या सान्निध्यांत तापलेली प्लॅटिनमची तार ज्वाला नसतांहि धगधगत राहते, ही गोष्ट हंफ्री डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८१७ सालीं दाखविली होती. मिथेनॉलची वाफ व हवा ह्यांच्या संयोगानें प्लॅटिनमवर हेंच घडतें. ह्या तत्त्वावर चालणारा प्लग अमेरिकेंत रे आर्डेन ह्यानें १९४७ सालीं बाजारांत आणला, आणि छोट्या विमानांवरचें बॅटरी-कॉइलचें ओझें एकदम उतरलें.

ह्या सोईची किंमत मात्र द्यावी लागते. पेट केव्हां घ्यावा हें ठरविणारी वेगळी कळ येथें नसल्यामुळें, चालत्या इंजिनांत सर्व भार मिश्रणावर पडतो. हवेच्या मानानें इंधन किती, हाच मुख्य प्रश्न. इंधन म्हणजे मोठ्या भागानें मिथेनॉल, शेंकडा वीसच्या आसपास तेल, आणि हवें असल्यास थोडें नायट्रोमिथेन. तेलांत एरंडेलाचा अंश बहुधा असतोच; लहानपणीं ज्या वासानें आपण तोंड फिरविलें तोच वास माळावर मोठा प्रिय वाटूं लागतो! आतां हें ध्यानांत घ्यावें कीं हें इंधन जळतें, इंजिनाला वंगण पुरवितें आणि त्याला थंडहि ठेवतें. म्हणून इंधन कमी पडलें तर नुसती शक्ति कमी होत नाहीं. वंगण आटतें, उष्णता वाढते, तार प्रमाणाबाहेर तापते, पेट वेळेआधीं होऊं लागतो आणि उष्णता आणखी वाढते. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे इंजिन थांबल्यावरच तें थांबतें. इंधन अधिक असलेल्या मिश्रणास मी ओलें म्हणेन आणि कमी असलेल्यास कोरडें.

आतां जुळवणी. मोठी सुई, म्हणजे पूर्ण वेगावरचें इंधन मोजणारी, प्रथम जुळवावी. इंजिन सुरू करून थोडें तापूं द्यावें, मग थ्रॉटल पूर्ण उघडावा. सुई बरीच बाहेर असतां आवाज तुटक, भरडा, गुळणी धरून बोलणाऱ्या माणसासारखा येतो, आणि धूर दाट पडतो. मिश्रण इतकें ओलें असतें कीं प्रत्येक फेऱ्यास पेट न घेतां इंजिन एकाआड एक फेऱ्यास पेट घेतें. सुई एकेक खटका आंत घेत गेलें कीं हा तुटकपणा जाऊन सलग, धारदार सूर लागतो. आणखी आंत घेतलें कीं सूर चढत जाऊन एका शिखरास पोंचतो. त्याच्याहि पुढें गेलें तर तो खालीं घसरतो. शिखर कोठें आहे हें ओळखतांच थांबूं नये. तेथून सुई पुन्हां बाहेर काढावी, ती इतकी कीं फेरे मिनिटास दोनशें ते पांचशेंनीं कमी व्हावेत आणि धुराची बारीक रेघ स्पष्ट दिसावी. शिखर शोधावें तें तेथें राहण्यासाठीं नव्हे, तर त्याच्या किती खालीं उभें राहावें हें कळण्यासाठीं.

हें मागें येणें कां अवश्य आहे? जमिनीवर विमान उभें असतां पंख्यावर भार अधिक असतो. विमान वेग घेऊं लागलें कीं तो भार हलका होतो, फेरे वाढतात, आणि मिश्रण आपोआप कोरडें होतें. नाक वर झालें म्हणजे टाकी इंजिनाच्या खालीं जाते आणि इंधनास वर चढून यावें लागतें. तेंहि कोरडेपणांत भर टाकतें. टाकी रिकामी होत आली म्हणजे तिसरी भर. जमिनीवर शिखरावर असलेलें इंजिन अशा रीतीनें आकाशांत शिखरापलीकडे ढकललें जातें. माझ्या विमानाचें नेमकें हेंच झालें.

परीक्षा दोन आहेत. पहिली: पूर्ण वेगावर इंधनाची नळी बोटांनीं क्षणभर चिमटून सोडावी. सूर किंचित् चढून पुन्हां पूर्ववत् झाला तर जुळवणी योग्य. न चढतां तो एकदम बसला तर मिश्रण कोरडें आहे. पुष्कळच चढला तर फार ओलें आहे. दुसरी: सोबत्यानें विमान मागून घट्ट धरून त्याचें नाक आकाशाकडे करावें आणि दहा सेकंद ऐकावें. सूर तसाच राहिला किंवा थोडा चढला तर उत्तम. तो ढळूं लागला तर विमान उडवूं नये. सुई बाहेर काढावी. नाक खालीं असतां गोड बोलणारें इंजिन नाक वर करतांच खरें बोलतें.

त्यानंतर छोटी सुई, म्हणजे मंद वेगाची. थ्रॉटल मिटवून इंजिन मिनिटास अडीच-तीन हजार फेऱ्यांवर आणावें आणि नळी चिमटून धरावी. तें तत्काळ थांबलें तर मिश्रण कोरडें. तीन-चार सेकंद फेरे चढत राहून मग थांबलें तर ओलें. किंचित् वेग घेऊन दोन-तीन सेकंदांत थांबलें तर ठीक. मंद वेगावर थोडा वेळ ठेवून थ्रॉटल झटकन् उघडावा: भरपूर धूर सोडीत, घुटमळत वेग घेतला तर ओलें, धूर न सोडतां कापल्यासारखें बंद पडलें तर कोरडें. छोटी सुई अष्टमांश फेऱ्याहून अधिक एकदम फिरवूं नये, आणि ती जुळल्यावर मोठी सुई पुन्हां तपासावी. जुन्या कांहीं कार्ब्युरेटरांत छोट्या सुईऐवजीं हवेच्या भोंकावरचा स्क्रू असतो. तेथें नियम उलटा: स्क्रू बाहेर काढला कीं हवा वाढते आणि मिश्रण कोरडें होतें.

येथें आपल्या गांवाच्या हवेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर आहे. ह्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानानें सुमारें सात टक्के कमी असतो. हवा विरळ झाली कीं तेवढ्याच सुईवर मिश्रण ओलें पडतें. म्हणून मुंबईस जुळवलेलें इंजिन येथें जड, आळसट वाटतें, आणि सुई थोडी आंत घ्यावी लागते. परंतु येथें जुळवलेलें इंजिन तसेंच मुंबईस नेऊन पूर्ण वेगानें चालवलें तर तें कोरडें चालेल. पाहुण्याचा दोष नव्हे, हवेचा महिमा. उंचीइतकाच उन्हाचाहि परिणाम आहे. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली म्हणजे ती सहा टक्क्यांहून अधिक विरळ होते. म्हणजे उन्हाळ्यांत सकाळपासून दुपारपर्यंत आपण माळावर नुसते बसून राहिलों तरी इंजिनाच्या दृष्टीनें दुसरें एक तुळजापूर चढून जातों! दुपारीं आंत घेतलेली सुई दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या गारव्यांत तशीच राहिली तर इंजिन कोरडें चालणार. सबब कालची जुळवणी आज खरी मानूं नये. प्रत्येक दिवशीं, पहिल्या उड्डाणापूर्वीं, सुई अर्धा फेरा बाहेर काढून आरंभ करावा.

आतां बिघाडांकडे वळूं. येथें एकच नियम पाळला तर निम्मे कष्ट वांचतात: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्लगहि बदलला, सुईहि फिरवली आणि इंधनहि दुसरें भरलें, तर इंजिन सुरू झालें तरी रोग कोणता होता हें कळत नाहीं.

इंजिन मुळींच सुरू होत नसेल तर विस्तव नाहीं किंवा इंधन नाहीं, हे दोनच मुख्य संशय. प्लग काढून बॅटरी लावून पाहावा. वेटोळी झगझगीत नारिंगी दिसली पाहिजे. मलूल लाल दिसली तर बहुधा बॅटरी उतरली आहे, मुळींच न दिसली तर तार तुटली आहे. विस्तव ठीक असेल तर नळींतून इंधन येतें कीं नाहीं तें पाहावें. पंखा हातानें फिरेनासा झाला तर आंत इंधन तुंबलें आहे असें समजावें आणि जोर मुळींच करूं नये. द्रव दाबला जात नाहीं, आणि जोरानें फिरविल्यास आंतला दांडा वांकतो. प्लग काढून, विमान उलटें धरून, पंखा फिरवून इंधन बाहेर टाकावें.

बॅटरी काढतांच इंजिन मंदावत असेल किंवा बंद पडत असेल तर प्लग जीर्ण झाला आहे, किंवा मिश्रण फार ओलें आहे. प्रथम सुई पाहावी, मग नवा प्लग घालावा.

सर्वांत छळणारा बिघाड म्हणजे सुई कितीहि जुळवली तरी सूर न टिकणें. आतां चांगलें, आतां कोरडें, पुन्हां चांगलें. येथें सुईचा बहुधा अपराध नसतो. कोठून तरी हवा आंत शिरत असते. नळीस टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र, सुईच्या बुंध्याचें रबरी कडें झिजलेलें, इंजिनाच्या मागच्या झांकणाचा स्क्रू सैल, किंवा टाकींतील वजनाच्या नळीला चीर. हीं ठिकाणें क्रमानें तपासावीं. नळींत बुडबुडे दिसले तर टाकी थरथरून इंधन फेंसाळत आहे असेंहि असेल. पंखा तोलून पाहावा, टाकीखालीं स्पंजाची गादी द्यावी. टाकीचा मध्य सुईच्या पातळींत, किंवा किंचित् खालीं असावा. आमच्या मराठवाड्यांत धूळ हा आणखी एक शत्रु. ह्या इंजिनाला बहुधा हवेची गाळणी नसते; काळ्या रानाची बारीक धूळ एरंडेलाशीं मिळून उखळ घोटतें तशी आंत घोटली जाते. सुरू करण्याची जागा पाणी शिंपून घ्यावी किंवा खालीं सतरंजी अंथरावी, आणि इंधन गाळूनच भरावें.

दिवसाच्या शेवटीं टाकी रिकामी करून, नळींत राहिलेलें इंधन इंजिन चालवूनच जाळून टाकावें आणि मग आंत हलकें तेल सोडून पंखा फिरवावा. मिथेनॉल हवेंतलें पाणी शोषून घेतें. तें आंत राहिलें कीं बेअरिंगांना गंज चढतो. पावसाळ्यांत डब्याचें झांकण उघडें राहिलें तर इंधनहि बिघडतें.

आतां जें सांगणार आहें तें जुळवणीहून अधिक महत्त्वाचें आहे. चालत्या पंख्याच्या पुढें किंवा बाजूच्या रेषेंत कोणीं उभें राहूं नये. इंजिन बोटानें सुरू करूं नये; लाकडी दांडकें किंवा विजेचा स्टार्टर वापरावा. सुई फिरवावयाची ती पंख्यामागें जाऊनच. सैल बाही, गळ्यांतला उपरणें-गमछा दूर ठेवावा. मिथेनॉलची ज्वाला उन्हांत जवळजवळ दिसत नाहीं. म्हणून आग नाहीं असें डोळ्यांनीं ठरवूं नये. आणि मिथेनॉल हें विष आहे. थोडें पोटांत गेलें तरी दृष्टि जाते, प्राणहि जातो. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत मिथेनॉलमिश्रित दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. ह्या द्रव्याच्या विक्रीवर व सांठ्यावर म्हणूनच सरकारी निर्बंध आहेत. अधिकृत विक्रेत्याकडचें तयार इंधनच घ्यावें, तें कुलपांत ठेवावें, आणि पाण्याच्या बाटलींत तर कधींहि भरूं नये. तसेंच २०२१ च्या ड्रोन नियमांस अनुसरून सरकारनें आकाशाचा जो नकाशा प्रसिद्ध केला आहे तो पाहावा, स्थानिक पोलिसांस विचारावें, आणि नवरात्रांत अगर पौर्णिमेस, जेथें यात्रा चालते तेथें, विमान काढूंच नये. हा शेवटचा नियम मला त्या चाळीस पावलांनीं शिकविला.

कोणी विचारील, आतां विजेच्या मोटरी व लिथियमच्या बॅटऱ्या आल्या असतां हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. बहुतेक नवशिके आज विजेवरच उडवितात आणि तें सोईचेंहि आहे. परंतु अनेक घरांत आणि महाविद्यालयांच्या कपाटांत जुनीं ग्लो इंजिनें एरंडेलाच्या राळेनें चिकटून पडलेलीं आहेत. तीं फेंकून देऊं नयेत. थोड्या ऊबेनें व मिथेनॉलच्या बोळ्यानें राळ सुटते, आणि त्यांतलीं पुष्कळ पुन्हां बोलूं लागतात. ज्या मुलानें असें एक इंजिन स्वतः उघडलें, धुतलें, जुळवलें आणि कां बंद पडलें हें क्रमानें शोधून काढलें, त्याला पुढें शेतावरचा पंप असो कीं दुचाकी असो, कोणतेंहि यंत्र परकें वाटत नाहीं.

माझा भाचा आतां मोठा झाला आहे. गेल्या खेपेस तो घरीं आला तेव्हां आम्ही पुन्हां त्याच इंजिनाला हात घातला, परंतु सणासुदीचे दिवस टाळून आणि रस्त्यापासून दूर. त्यानें शिखर शोधलें, क्षणभर ऐकलें, आणि मी कांहीं बोलण्यापूर्वींच सुई चार खटके बाहेर काढली. सूर थोडा उतरला, धुराची रेघ दिसूं लागली. “मामा,” तो म्हणाला, “आतां कानाला तितका गोड नाहीं लागत, नाहीं कां?” मी म्हटलें, “नाहीं लागत. आणि म्हणूनच आतां सोड.” विमान उठलें, चढलें आणि टाकी संपेपर्यंत त्या भरड्या, समाधानी सुरांतच आमच्या माथ्यावर फिरत राहिलें.